दोन रात्रींचा तंबू

कोणतीही वस्तू हातात आली, की ते ती आधी तळहातावर ठेवायचे, एक डोळा मिटायचे, हात हलकेच वरखाली करायचे आणि विचारायचे, "आणि हे पाठीवर कोण घेणार?"

वस्तू काहीही असो. प्रयोगशाळेतला स्टेपलर, माझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा, मी पुण्याहून आणलेला बाकरवडीचा पुडा. पुडा मात्र त्यांनी एकदाच जोखला आणि म्हणाले, "हे मी घेईन." आणि खरंच घेऊन गेले.

ते शिकारी होते. जपानच्या ईशान्येकडच्या एका डोंगराळ गावात राहायचे. मी त्याच भागातल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. २०११च्या भूकंपानंतर अणुवीज केंद्रातून जे वाऱ्यावर गेलं, ते कोणत्या डोंगरावरच्या कोणत्या जनावराच्या अंगात किती उतरलं, हे मोजायचं माझं काम. मोजायला मांस लागतं, मांसाला शिकारी लागतो. गावातल्या बहुतेकांनी बंदुका खाली ठेवल्या होत्या. जे खायचं नाही ते मारायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. हे एकटे दर पंधरवड्याला बस पकडून यायचे, थर्मोकोलच्या खोक्यातून नमुने काढून टेबलावर मांडायचे, आणि बसायचे नाहीत. खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, "कपड्यांना वास असतो."

मागच्या डिसेंबरात त्यांच्या पुतण्याकडून एक कार्ड आलं. इथे घरात कुणी गेलं, की नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवू नका, असं कळवणारं छापील कार्ड सगळ्या ओळखीच्यांना जातं. सगळ्यांना एकच मजकूर. या कार्डावर गेलेल्याचं नाव त्यांचं होतं. मी आता नागोयाला नोकरी करते. कार्ड वाचलं, बॅगेत टाकलं आणि भुयारी रेल्वेत दोन स्टेशनं पुढे निघून गेले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचा अधिकार मी गमावला आहे असं मला वाटतं. का, ते सांगते.

मी चळवळीच्या घरात वाढले. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मला अक्षरओळख झाली ती "बंधुभगिनींनो" या शब्दावर. सातव्या वर्षी मी चौकात उभी राहून पत्रकं वाटत होते, आणि ज्याने न वाचता चुरगळून टाकलं त्याच्या मागे धावून ते पुन्हा हातात देत होते. आई याला संस्कार म्हणते.

तेव्हा शिकारी माणसाबद्दल माझं मत काय असणार, हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या भेटीतच मी त्यांना मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "तुम्हाला त्यांना मारताना काही वाटत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या शिशाच्या जाड भिंतींच्या मोजणीयंत्राकडे पाहिलं. "सेन्सेइ, त्यात गाजर घातलं तर हरणाचा आकडा येतो का?"

सेन्सेइ म्हणजे गुरुजी. मी साधी विद्यार्थिनी. प्राध्यापकांनाही ते "सेन्सेइ" म्हणायचे, पण मला म्हणताना शब्द जरा लांबवायचे आणि मान जरा जास्तच लववायचे. थट्टा होती ती, आणि मला ती आवडायची. थट्टेत म्हटलेला शब्द त्यांनी कधी खरा धरायला सुरुवात केली, ते मला कळलं नाही.

भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा चालू होता. एका सकाळी ते आले, नमुने मांडले, आणि निघायच्या ऐवजी माझ्या टेबलाशी घुटमळत राहिले. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कुणाकडून तरी छापून घेतलेलं तंबूंच्या जाहिरातीचं पान होतं. सगळं इंग्रजीत.

"सेन्सेइ, हे वाचता येतं?"

"तंबू?"

"बर्फातला. हलका. आपल्या दुकानांतले मी पाहिलेत. पण म्हणतात, अमेरिकेत लोक एकटे आठ-आठ दिवस शिकारीला जातात. त्यांना ठाऊक असणार."

सत्तरी ओलांडलेला माणूस फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फात तंबू ठोकणार, ही कल्पनाच मला झेपेना. मी कारण विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. तो नकाशा मीच रंगवला होता: जिथे जास्त सांडलं तिथे तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा. त्यांचं बोट त्यांच्या गावावरून, पहिल्या डोंगरावरून, दुसऱ्या डोंगरावरून पलीकडे गेलं आणि एका कोऱ्या जागी थांबलं.

"इथे तुम्ही रंग दिलेला नाही."

"तिथे फारसं पडलं नाही."

"म्हणजे तिथलं हरीण चांगलं."

"चांगलं असू शकेल. मोजल्याशिवाय नाही सांगता येणार."

"तेच. जायला एक दिवस, यायला एक दिवस. पूर्वी वाटेत जंगलखात्याची खोपी होती. भूकंपात दरड आली, तिच्याबरोबर गेली." आणि मग, जणू हवामानाबद्दल बोलतोय अशा आवाजात, "ताईला हवंय."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठी. किनाऱ्यावर राहायची. लाटेने घर नेलं, ती वाचली. आता सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या घरांच्या रांगेतल्या एका खोलीत होती. पुढच्या आठवड्यात ते मला तिच्याकडे घेऊन गेले. मला वाटतं, तंबूचं काम मी मनापासून करावं म्हणून.

खोली इतकी लहान की तिघं बसल्यावर चहाचा ट्रे मांडीवर घ्यावा लागला. ताई वाकलेली, पण जीभ शाबूत.

"हा शिकारी," ती मला म्हणाली. "लहानपणी सशाला घाबरायचा."

"ससा मोठा होता," ते म्हणाले.

"ससा पिंजऱ्यात होता." मग माझ्याकडे वळून, "आई गेली तेव्हा हा दीड वर्षाचा. याला पाठीशी बांधून मी शाळेत जायचे. मागून माझे केस खायचा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग मूळ गोष्ट निघाली. दर वर्षी हंगाम संपता संपता हे एक हरीण आणायचे. ताई ते मुळा आणि रानातली लांब मुळं घालून मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात, सावकाश शिजवायची. शेजारच्या चार घरांत वाडगे जायचे. दोन हिवाळे झाले, तो वाडगा नव्हता. डोंगरातलं मांस विकायला बंदी होती. स्वतःच्या घरी खायला बंदी नव्हती. पण गावाभोवतीचे आकडे मीच मोजले होते आणि ते वाईट होते. यांनी आपणहून बहिणीकडे न्यायचं थांबवलं होतं.

"दुकानातलं डुक्कर खाते," ताई म्हणाली. "तोंडात घेतलं की वाटतं, कागद चावतेय." आणि भावाला, "यंदा आण. पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय?"

"आणतो."

"नुसतं म्हणू नकोस."

"आणतो म्हणालो ना."

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "हलका हवा, सेन्सेइ. तंबूचं जेवढं वजन, तेवढं हरीण डोंगरावर राहतं. आणि मी डोंगरावर मांस ठेवून येत नाही."

तर मी, घरात अंडंही न शिजवलेल्या आईची मुलगी, रोज संध्याकाळी अमेरिकन शिकाऱ्यांनी तंबूंबद्दल लिहिलेलं वाचू लागले. फोनवर आईला सांगितलं.

"तू शिकाऱ्याला तंबू निवडून देतेस?"

"हो."

"बंदूकपण तूच बघून देणार का?"

"आई, बंदूक आहे त्यांच्याकडे."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

मी तक्ता केला. सहा तंबू, अकरा रकाने. वजन, खांबांची जाडी, कापडाचा दम, एकेरी की दुहेरी, दारं, झरोके. कापड एकेरी असेल तर तंबू हलका, पण श्वासाची वाफ आतून गोठते आणि सकाळी तोंडावर बर्फ होऊन पडते. दुहेरी असेल तर आत कोरडं, पण अर्धा किलो जास्त. चारही ऋतूंचा म्हणून जो विकतात, तो काही ठिकाणी फक्त वारा सोसणारा असतो. ओलं, जड बर्फ त्यावर साठलं की बसतो. मी या विषयात इतकी शिरले की प्राध्यापकांनी एकदा विचारलं, हा प्रबंधातला कितवा भाग.

त्यांनी तक्ता हातात घेतला, एक डोळा मिटून त्याचंही वजन केलं. "छान आहे," म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "दुकानात जाऊ."

दुकानातला तरुण विक्रेता गुडघे टेकून समजावत होता. हे मात्र बूट काढून एकेका तंबूत शिरत होते आणि दार लावून घेत होते. आत काय करत असत कोण जाणे. एका निळ्या तंबूतून लगेच बाहेर आले.

"हा नको. माझे हात मेलेल्या माणसाचे दिसले."

पिवळ्या तंबूत मात्र बराच वेळ आवाज आला नाही. विक्रेता माझ्याकडे बघू लागला. मी दार जरासं उघडलं. ते उताणे झोपले होते, छातीवर हात ठेवून.

"सेन्सेइ, आत या. माझा चेहरा बघा. कसा दिसतो?"

"पन्नाशीचा."

"हाच," ते म्हणाले.

माझ्या अकरा रकान्यांत रंगाचा रकाना नव्हता.

पण खरं भांडण पुढे झालं. पिवळा दोन प्रकारांत होता, एकेरी आणि दुहेरी. त्यांना एकेरी हवा होता. मी अडून बसले. तुम्ही आत स्टोव्ह लावणार, बर्फाने झरोका बुजला तर झोपेतच जाल, दुहेरीला वर दोन झरोके आहेत, वगैरे. विक्रेता घाबरून दोघांकडे आळीपाळीने वाकत होता.

"अर्धा किलो, सेन्सेइ. अर्धा किलो म्हणजे ताईचे दोन वाडगे."

"आणि तुम्हीच आला नाहीत तर किती वाडगे?"

ते हसले. पूर्ण तोंड उघडून हसलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले. खालचे दोन दात नव्हते. "ही मुलगी ताईसारखी बोलते," ते विक्रेत्याला म्हणाले, आणि दुहेरी घेतला. दुसऱ्या दिवशी घरच्या पातेल्याची जड मूठ कापून टाकली, चमचा अर्धा केला, जादा मोजे काढले आणि अर्धा किलो भरून काढलं. मला फोन करून कळवलं.

नंतर एका दुपारी आमच्या इमारतीच्या गाड्या लावायच्या जागेत त्यांनी सराव केला. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून. "डोंगरात आधी बोटं मूर्ख होतात, मग डोकं," असं त्यांचं म्हणणं. खिडक्याखिडक्यांतून शास्त्रज्ञ बघत होते. तंबू उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "आत जा."

"मी?"

"तुम्हीच निवडलाय."

मी आत बसले. त्यांनी बाहेरून फावड्याने कडेचं बर्फ तंबूवर टाकायला सुरुवात केली. धप्प, धप्प. पिवळा उजेड हळूहळू मंद होत गेला. कापड खांद्याला टेकलं, पण खांब वाकले नाहीत.

"श्वास घेताय का, सेन्सेइ?"

"घेतेय."

"झरोका?"

"उघडा आहे."

"मग गाणं म्हणा. आवाज ऐकू आला पाहिजे."

मी मोर्चातलं एक गाणं म्हटलं. दुसरं मला येतच नव्हतं. बाहेर फावडं थांबलं. कडवं संपल्यावर ते म्हणाले, "चांगलं आहे. यावर हरणं पळतील."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते डोंगरावर गेले. दोन रात्री मी नीट झोपले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला: "एक मादी. लहान. एकच गोळी. तंबू चांगला आहे." इतकंच. मुलं बर्फावर घसरायला वापरतात तशा लाल प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर मांस बांधून, तंबू पाठीवर घेऊन, त्यांनी ते दोन डोंगर ओढत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नमुना घेऊन आले. बाकीचं घरामागे बर्फात पुरून ठेवलं होतं. आधी माझा आकडा, मग ताईची चूल.

आता त्या आठवड्याबद्दल सांगायला हवं.

त्याच्या थोडं आधी मी आणि एका मैत्रिणीने मिळून एक पत्रक काढलं होतं. राजधानीच्या बाजूला, ओजिमा आणि उरायासुला आपली पुष्कळ भारतीय कुटुंबं राहतात. लहान मुलांच्या आया घाबरलेल्या होत्या, दूध कुठलं घ्यावं, पालक घ्यावा का. अन्नात किरणोत्सार किती चालेल याची सरकारने मर्यादा घातली होती; पत्रकाचा मथळा मी लिहिला होता: "मर्यादेच्या आत म्हणजे सुरक्षित नव्हे." मला त्या मथळ्याचा फार अभिमान होता. आणि त्याच आठवड्यात एका गावच्या सभागृहात लोकांसाठी बैठक झाली. मंचावरचा अधिकारी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होता: मर्यादेच्या आत आहे, निश्चिंत राहा. एक बाई रडत होती, तिलाही तेच. मी उठून विचारलं, निश्चिंत राहायचं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार? माझ्या जपानीत चुका झाल्या. त्याने नम्रपणे मान लववली आणि पुढचा प्रश्न घेतला. मी घरी आले ती पेटलेली, आणि चार दिवस तशीच होते.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या हरणाचा आकडा आला.

तो चांगला होता. सरकारी मर्यादेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. दोन हिवाळ्यांत मी मोजलेल्या हरणांत सगळ्यात कमी. नकाशावरची कोरी जागा खरी निघाली होती.

ते आकडा घ्यायला आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. केस पाणी लावून बसवलेले. त्या दिवशी ते खुर्चीवर बसले.

आमच्याकडे एक रीत होती. नमुना आणणाऱ्याला आकडा छापलेला कागद द्यायचा, मर्यादा सांगायची, आणि थांबायचं. खा किंवा खाऊ नका, हे प्रयोगशाळा सांगत नाही. मला ती रीत भ्याडपणाची वाटायची. पत्रकं वाटणाऱ्यांच्या घरात कुणी असं हात झाडून मोकळं होत नाही.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. आकडा वाचला. मर्यादेचा आकडा वाचला. दोन्हींवर बोट ठेवून मनाशी काही मोजलं, आणि मान वर केली.

"म्हणजे खाता येईल."

आणि मी बोलू लागले. मर्यादा ही विज्ञानाने ठरवलेली नाही, सोयीने ठरवली आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. ज्यांनी हे सांडलं तेच आता सांगतात की एवढं चालतं. आपण त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर त्यांना माफ केल्यासारखं होतं. असं बरंच. एक शब्दही खोटा नव्हता. आजही त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. फक्त ते सगळं त्या मंचावरच्या माणसासाठी होतं, आणि माझ्यासमोर तो बसला नव्हता.

ते लक्ष देऊन ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "सेन्सेइ, तुम्ही खाल्लं असतं?"

"मी मांस खात नाही."

"खात असता तर?"

"नाही," मी म्हणाले.

विचारताना त्यांनी हाक जराही लांबवली नव्हती. "सेन्सेइ" असं साधं, सरळ म्हणाले होते. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

"समजलं," ते म्हणाले. उठले, खुर्ची होती तिथे सरकवली, कागद टेबलावर तसाच ठेवला, खाली वाकून आभार मानले आणि गेले. मला वाटलं, एका माणसाला तरी सत्य सांगितलं.

ताईचं वय पंच्याऐंशी होतं. तिला एक वाडगा खायचा होता. मी दर दिवाळीला विमानाने पुण्याला जाते. त्या एका प्रवासात आकाशातून माझ्या अंगावर जेवढा किरणोत्सार पडतो, त्याच्यापुढे तो वाडगा काहीच नव्हता. हा हिशोब मला येत नव्हता असं नाही. वर्गात मी तो फळ्यावर करून दाखवायचे. त्या दिवशी तो केला नाही, कारण तो केला असता तर माझा मथळा लटका पडला असता.

मार्चमध्ये हंगाम संपला, नमुने थांबले. मी उन्हाळाभर लिहीत बसले. ऑक्टोबरात नव्या हंगामासाठी शिकाऱ्यांना भेटायला गेले, मागच्या वर्षीच्या निकालांची फाइल घेऊन. पहिलं घर त्यांचंच.

दारात त्यांचे बर्फातले बूट नव्हते. आतल्या खोलीत, पितरांच्या देव्हाऱ्यात, ताईचा फोटो होता.

"एप्रिलमध्ये," ते म्हणाले. "झोपेतच. तिला मूलबाळ नाही, म्हणून माझ्याकडे आली."

मी उदबत्ती लावली, हात जोडले. मागे ते चहा ओतत होते. मी वळून विचारलं, ते हरीण...

"जळणाऱ्या कचऱ्यात," ते म्हणाले.

जपानात कचरा कसा वेगळा करतात, हे इथे राहिलेल्याला ठाऊक असतं. जळणारा मंगळवारी आणि शुक्रवारी. नगरपालिकेच्या ठरावीक पिशव्या, आणि त्यांच्या गावात पिशवीवर आपलं नाव लिहावं लागतं. पुरलेलं मांस रानातली जनावरं उकरतात, नदीत टाकता येत नाही, डोंगरावर परत नेणं त्यांना पटलं नाही. त्यांनी ते लहान लहान तुकडे करून वर्तमानपत्रात गुंडाळलं, एका वेळी एक पिशवी अशा पाच वेळा, पाच मंगळवार-शुक्रवारी, कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. प्रत्येक पिशवीवर नाव लिहून.

"आणि ताईला काय सांगितलंत?"

ते हसले. पण तोंड मिटून.

"खरं सांगितलं असतं तर म्हणाली असती, आण इकडे, मी खाते. तिने तुमचं ऐकलं नसतं. म्हणून सांगितलं, मिळालं नाही. दोन रात्री बसलो, हरीणच दिसलं नाही."

"मग?"

"मग काय. म्हणाली, असू दे. म्हणाली, तुझं वय झालं आता, डोळे गेले असतील. माझ्या पाठीवरून हात फिरवला." त्यांनी चहाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "जाईपर्यंत शेजारणींना सांगत होती, माझ्या भावाला आता जमत नाही, त्याला कुणी काही बोलू नका."

बंदूक त्यांनी मे महिन्यात पोलिसांकडे जमा केली होती. परवाना परत केला होता. मी क्षमा मागितली. जपानीत क्षमेचे सात प्रकार मला येत होते. मी तीन वापरले आणि मग मराठीत रडले. ते अस्वस्थ होऊन म्हणाले, "सेन्सेइ, चहा गार होतोय. तुम्ही जे खरं होतं ते सांगितलंत."

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं.

"त्यात तो कागद आहे का? फेब्रुवारीचा?"

होता. मी शोधून दिला. त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं, आकडा पुन्हा बघतायत. पण त्यांचं बोट आकड्यावर थांबलंच नाही. ते वर गेलं, जिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं: नमुना, हरीण, मादी. ठिकाण. तारीख. शिकार करणाऱ्याचं नाव.

"हा मी ठेवू?"

"ठेवा."

त्यांनी कागदाला मधोमध घडी घातली, आकडा आत आणि नाव बाहेर राहील अशी. नखाने ती घडी दोनदा दाबली. मग गुडघ्यांवर सरकत देव्हाऱ्यापाशी गेले आणि तो कागद फोटोला टेकवून उभा केला, अक्षरं ताईच्या बाजूला करून.